गिधाडाचं तोंड

मेक्सिकोतल्या आमच्या पुएब्लात एउसेबिओला कोणी ओळखत नाही, आणि सोपिलोतेला ओळखत नाही असं कुत्रंही नाही. सोपिलोते म्हणजे गिधाड. काळा मुखवटा, त्यावर पिवळी चोच, आणि खाली एउसेबिओची ढेरी. कुस्तीच्या रिंगणात मी त्याचा वैरी, नाव खाटीक. मला मुखवटा नाही. हे थोबाड बघूनच लोक शिव्या द्यायला लागतात, मग कापडावर खर्च कशाला? बाहेर मात्र मी त्याच्या पोरीचा धर्मबाप, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो का, असं विचारणाऱ्याच्या आईचा मी उद्धार करतो, तेव्हा ते विचारू नका.

एउसेबिओची बायको आंपारो आणि पोरगी हासिन्ता चार वर्षांपूर्वी शिकागोला गेल्या. कशा गेल्या हेही विचारू नका. परत यायची सोय नव्हती, एवढं खरं. पोर तेव्हा तीन वर्षांची. रोज फोनवर बापाला बघायची, पण तिला बाप नको, गिधाड हवं. उघडं तोंड दिसलं की भोकाड पसरायची. मग हा गडी मुखवटा चढवून डाव्या हाताची वाकडी करंगळी नाचवायचा, "चोच आली, चोच आली, झोपा!" ती करंगळी त्लाश्कालाच्या कुस्तीत मीच मोडली होती. त्याबद्दल कोणी कधी आभार मानले नाहीत.

मग शिकागोच्या एका कुस्त्या भरवणाऱ्याने आम्हा दोघांना बोलावलं. खेळाडूला तिथे तात्पुरत्या कामाचा व्हिसा मिळतो, पण परमुलखातही तुमचं नाव आहे, हे दाखवावं लागतं. माझं काम सोपं. केस पणाला लावून हरलो, म्हणून तीनदा भर रिंगणात माझं मुंडण झालंय, तिन्ही वेळा पेपरात फोटो, खाली नावगाव. एउसेबिओची कात्रणं पोतंभर, पण सगळीकडे चोच. आमच्या वकीलबाईंनी हौसेने टोकियोच्या अजिंक्यपदाचा फोटोही जोडला. अर्ज परत आला.

"ते विचारतायत," वकीलबाई म्हणाल्या, "की अर्जदाराने जन्माच्या सहा वर्षं आधी टोकियोत कुस्ती कशी मारली?"

"मी नाही, गिधाडाने मारली," एउसेबिओ म्हणाला.

"म्हणजे कोणी?"

 टोकियोत एउसेबिओचा बाप होता, म्हातारा फिदेन्सिओ. मुखवटा बापाकडून लेकाकडे आला, पण हे उघड बोलायचं नसतं. गिधाड एकच असतं आणि ते म्हातारं होत नाही.

"मुखवट्याखाली तुम्हीच आहात, असं कुठे छापून आलंय का?"

छापून! मुखवटेवाल्याचं खरं नाव पेपरात एकदाच येतं, मुखवटा पणाला लावून तो हरला तर. हरल्यावर तिथेच मुखवटा उतरवायचा, नाव, गाव आणि कुस्तीतली वर्षं सांगायची, आणि पुन्हा जन्मात तो घालायचा नाही.

एउसेबिओने माझ्याकडे बघितलं. "कोंपाद्रे," तो म्हणाला, "तुझे केस बरेच वाढलेत. पणाला लावण्याजोगे."

म्हाताऱ्याला विचारणं भाग होतं. तो अंगणात सेमिता, म्हणजे आमच्याकडचा भरलेला पाव, खात बसला होता.

"हवं तर किडनी विकून टाक," म्हातारा म्हणाला. "मुखवटा नाही."

"बाबा, पोर सात वर्षांची झाली. दुधाचे दात पडून नवे आलेसुद्धा."

म्हाताऱ्याने उरलेला पाव बाजूला ठेवला. "तू जन्मलास तेव्हा मी मोंतेर्रेईत लढत होतो," तो म्हणाला. "जिंकलो. कोणाशी, ते आता आठवतसुद्धा नाही. जा, हर." आणि माझ्याकडे वळून, "खाटका, मुखवट्याच्या नाड्या हळू सोड. हिसडा मारलास तर तंगडं मोडीन."

कुस्ती कशी झाली ते लोक अजून सांगतात, आणि दरवेळी मी जास्तच हरामखोर होतो. मी नाड्या हळूच सोडल्या. एउसेबिओ गुडघ्यावर बसला. "एउसेबिओ त्लातेल्पा. चोलुलाचा. अकरा वर्षं."  मग पुढच्या रांगेतल्या चोले आजीने पायातला बूट काढून माझ्या टाळक्यात हाणला. "मेल्या, तुझ्या घरात बापलेक नाहीत का रे?" हातात ते काळं फडकं धरून मी उभा होतो आणि मला रडू येत होतं. खाटकाला ते शोभत नाही, म्हणून मी तिलाच शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर नाव, गाव, वर्षं, सगळं आलं. वकीलबाईंनी पेपर उघडला आणि टेबलावर आपटला.

"यात तोंड कुठाय?"

फोटोत एउसेबिओने दोन्ही तळहातांनी चेहरा झाकला होता. मुखवटा गेला की सगळेच झाकतात. आमचा रिवाजच आहे, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"लाज वाटली," एउसेबिओ म्हणाला.

"अकरा वर्षं घट्ट चड्डीवर नाचलात, तेव्हा नाही वाटली?"

तरी छापील नावावर अर्ज पुढे सरकला आणि आम्ही राजधानीत अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिलो. माझं कात्रण बघून खिडकीमागची गोरी बाई हसली आणि शिक्का मारून मोकळी झाली. एउसेबिओचं तिने तीनदा उलटसुलट केलं.

"हे तुम्हीच कशावरून?"

एउसेबिओला घाम फुटला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाईने पेपर काचेला लावला. फोटोतल्या डाव्या हाताची करंगळी वाकून बाहेर आली होती. समोरचीही तशीच. तिने दोन्हींकडे बघितलं आणि शिक्का उचलला.

शिकागोच्या विमानतळावर आंपारो दुरूनच रडत आली. हासिन्ता मात्र आमच्या दोघांच्या मधून मागच्या दाराकडे बघत होती.

"गिधाड कुठंय?"

"हा काय, बाबा," आंपारो म्हणाली.

पोर आईच्या मागे लपली. एउसेबिओ तिथेच खाली बसला. चार वर्षं, बापाचा मुखवटा, चोले आजीचा बूट, सगळं ज्या पोरीसाठी, ती त्याला ओळखत नव्हती. त्याने तळहातांनी तोंड झाकलं. या वेळी रिवाज म्हणून नाही.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. तिने ती करंगळी धरली, ओढून बघितली. मग एकेक हात बाजूला केला, त्याच्या ओल्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हा मुखवटा नाही आवडला. काढ."

"निघत नाही गं."

"थांब, मी काढते." तिने त्याच्या गळ्याभोवती दोन्ही हात टाकले आणि मानेमागे नाड्या शोधायला लागली. एउसेबिओने मान आणखी खाली घातली, म्हणजे तिला नीट शोधता येतील.