पायाळूची कंबर

बायजा पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून जगात आलेली. अशा माणसानं कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं बोर्लीकडच्या त्या कोळीवाड्यात सगळेच मानत. मनुबाईनं तेवढं ऐकूनच तिला सून म्हणून मागून आणली होती.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. सकाळ झाली की ओटीवर कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून हजर. जाळी ओढणारे खलाशी, डोईवर पाट्या घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका, भातलावणीत वाकून मोडलेले कुणबी, मुंबईच्या गोदीत गोणी उचलून आगबोटीनं परतलेले गडी. यांचं एक समजण्यासारखं होतं. पण दिवसभर गादीवर बसून नुसता तराजू धरणारा, पोट सुटलेला शेटजीही कण्हत येई, तेव्हा बायजाला हसू आवरत नसे. बिड्या फुंकणारे तर हटकून येत. आणि एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा येणार, हे ठरलेलंच. देवानं माणसाला कंबर दिली ती दुखायलाच, असं तिला वाटू लागलं होतं.

तिची स्वतःचीही दुखत होती, चांगली दोन वर्षं. पण पायाळूला उसण भरत नाही, ही वाड्याची पक्की समजूत. हे फुटलं तर तिच्या पायावर कोण भरवसा ठेवणार? सासरी जो मान होता, तो त्या पायाचा होता. म्हणून बायजा ओठ दाबून पाट्या उचलत राहिली.

त्या सकाळी अंगणात वाळत घातलेला जवळा हलवायला ती वाकली, आणि वर उठताच येईना. मनुबाई लगबगीनं आली.

"काय झालं गो?"

"काय न्हाय, आत्याबाय. पाय सरकला."

"खोटं नको बोलू. कंबर हाय ना?"

बायजाचे डोळे भरून आले, दुखण्यापेक्षा भीतीनंच. "कुणाला सांगू नका. लोक यायचं बंद व्हतील."

मनुबाईनं तिला धरून आत नेलं, पालथं निजवलं, तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि शेकायला बसली. बसता बसता तिच्याच तोंडून "आई गं" निघालं.

"तुमची पन?"

"तू घरात यायच्या आधीपासून."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"सुनेचा पाय सासूच्या अंगाला? काय खुळी का काय तू!"

बायजाला रागच आला. एवढी वर्षं दोघी एकाच चुलीपाशी वाकत होत्या, आणि दोघी गप्प. "आता तरी निजा," ती जवळजवळ ओरडलीच. आणि नवल म्हणजे मनुबाई निमूटपणे शेजारी पालथी झाली.

तेवढ्यात काठी टेकत गुणाजी खलाशी आला. दारातून डोकावून बघतो तर काय, सासू-सून ओळीनं आडव्या.

"मनुकाकी, ह्ये काय? बायजाची पन कंबर?"

बायजा उठायला धडपडली.

"व्हय," मनुबाई पडल्या पडल्या म्हणाली. "तिची पन, माझी पन. पाय आज न्हाय. मीठ गरम हाय, घे न् ओटीवर आडवा हो."

गुणाजी मिठाची पुरचुंडी उचलून बाहेर ओटीवर गेला.

बायजानं हातांत तोंड खुपसलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मोकळेपणानं, मोठ्यानं कण्हून घेतलं.