बू पालुपीच्या अंगणातल्या चुली

सकाळपासून तुमिनी खिडकीतून समोरच्या अंगणात डोकावत होती, आणि आपण डोकावत नाही असं स्वतःलाच बजावत होती.

समोरचं घर बू पालुपीचं, म्हणजे पालुपीबाईंचं. परवा रविवारी तिच्या एकुलत्या एका लेकीचं, किनासिहचं लग्न. अंगणात विटांच्या चुली मांडून तयार होत्या, वस्तीच्या सामाईक कढया आणून पालथ्या घातल्या होत्या, नारळांचा ढीग होता, बारक्या लाल कांद्यांची पोती होती. नव्हती ती फक्त माणसं. लग्नघरी शेजारच्या बायकांनी आपापली सुरी घेऊन यायचं आणि सगळा स्वयंपाक मिळून उरकायचा, याला गावात रेवांग म्हणतात. रेवांगला माणसं पैसे टाकून मिळत नाहीत. त्यातून आजचा दिवस जेनांग या चिकट मिठाईचा. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ कढईत घालून तासन्‌तास घोटायचं. हात थांबला की तळाला लागलंच. एकट्या बाईचं ते काम नव्हे. आणि जेनांगशिवाय नवऱ्या मुलाच्या माणसांपुढे उभं राहायचं म्हणजे आम्हाला शेजार नाही असं चारचौघांत कबूल करायचं.

"जा की," तिचा नवरा साइमिन ओट्यावरून म्हणाला. तो पिंजऱ्यातल्या होल्याला दाणे घालत होता. "काल सुरीला धार लावलीस. ती काय माझ्यावर चालवायचीय?"

"तुमच्यावर चालवायला धार कशाला लागते? आणि मी एकटीच कशी जाऊ? बाकीच्यांपैकी एक तरी हललीय का जागची? उद्या म्हणतील, तुमिनीला बड्या लोकांची थुंकी झेलायची हौस."

"आणि त्या पोरीच्या लग्नाचं काय?"

किनासिह तुमिनीची लाडकी होती. येता-जाता "मावशी, मावशी" करणारी पोर, तिच्या लग्नात चुली थंड राहणार या विचाराने तुमिनीची नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली.

तसं बायकांचंही अगदीच चुकलं नव्हतं. पालुपी सुराबाया शहरात बँकेत मोठ्या खुर्चीवर होती. नवरा गेल्यावर त्याच्या गावातल्या घरी राहायला आली, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत ती कोणाच्याही रेवांगला फिरकली नाही. गाडीवाल्याच्या हाती साखर पाठवायची, तेल पाठवायचं, खुद्द बाई मात्र घरात. बायका त्याच साखरेचा चहा पीत म्हणायच्या, "येतील कशाला? नखांचा रंग जाईल ना!" सगळ्या हसायच्या. सगळ्या हसतात म्हणून तुमिनीही हसायची, आणि तिचं हसू पहिल्यापासून जरा मोठंच.

मात्र गेल्या आठवड्यात पालुपी स्वतः आमंत्रणाच्या जेवणाचे डबे घेऊन घरोघर फिरली. "जमलं तर या," म्हणाली. प्रत्येक दारात तिला हात जोडून "इंगिह, इंगिह" असं उत्तर मिळालं. इंगिह म्हणजे होय. पण इथे इंगिहचा अर्थ 'आता निघा, माझा भात करपतोय' असाही होतो, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

शेवटी तुमिनी उठली आणि गवती चहा मागायला शेजारच्या गियेमकडे गेली. तिच्या स्वतःच्या परसात गवती चहाचं रान माजलं होतं, ती गोष्ट वेगळी.

गियेम जुना सारोंग नेसून, डोक्याला फडकं गुंडाळून दारातच उभी होती. हातात काहीतरी होतं, ते तिने चटकन पाठीमागे लपवलं.

"कुठे निघालीस का गं?" तुमिनीने विचारलं.

"मी? छे! मी कुठे जातेय? तू निघालीस?"

"मी कशाला?"

दोघी थोडा वेळ कोंबड्यांकडे बघत राहिल्या.

"खरं सांगू का," गियेम हळूच म्हणाली, "मी गेले असते गं. पोरीचं लग्न आहे. पण म्बाह रुक्मी भयंकर चिडलीय म्हणे. ती नाही म्हटल्यावर आपण कोण? तिचं मन मोडून उद्या माझ्याकडच्या कार्याला ती आली नाही तर?"

"तुला ती म्हणाली तसं?"

"मला नाही म्हणाली. पण सगळ्यांना ठाऊक आहे."

तुमिनी तडक म्बाह रुक्मीकडे गेली. म्बाह म्हणजे आजी, आणि ही म्हातारी म्हणजे गावच्या प्रत्येक कार्यातली मुदपाकखान्याची मालकीण. तिच्या शब्दाशिवाय मीठसुद्धा पडत नसे. म्हातारी पायरीवर बसली होती. न्हाऊन, अंबाड्याला तेल लावून, शेजारी तिचं पुरुषभर उंचीचं लाकडी उलथनं भिंतीला टेकवून.

"म्बाह, तुम्ही म्हणे रागावलात?"

"मी?" म्हातारीने पानाची पिचकारी टाकली. "कोण मेली म्हणते? मी पहाटेपासून न्हाऊन बसलेय! राग तर तुला आलाय ना?"

"मला?"

"मग! तू समोर राहतेस. तुझं दार हलत नाही म्हटल्यावर काहीतरी मोठं बिनसलं असणार. तिच्या नखांवरून सगळ्यात मोठ्याने हसलं कोण? तूच ना? मीच पोरींना म्हटलं, तुमिनीचा मान राखा, ती जाईपर्यंत थांबा."

तुमिनी पायरीवर टेकली. साऱ्या गावातल्या सुऱ्या तिच्यासाठी म्यान झाल्या होत्या, आणि ती मात्र खिडकीत बसून गावाची वाट बघत होती! तिला हसू येईना आणि रडूही येईना.

"मग आता चला ना, म्बाह."

"वा! रिकाम्या अंगणात मी जाऊ? आधी चार बायका बसलेल्या हव्यात, मग मी यायचं. रीत आहे ती." म्हातारीने पाय आणखी पसरले. "तू हो पुढे."

आता खरं काय ते कळलं होतं, तरी तुमिनीने कोणाकडे न बघता रस्ता ओलांडला. प्रत्येक खिडकीतून आपल्या पाठीवर डोळे रोखलेत असं तिला वाटत होतं. आणि खरोखरच होते.

पालुपी एकटीच कांदे सोलत होती. अर्धा कांदा सालाबरोबरच जात होता. तुमिनीला बघून ती धडपडत उठली. "या, या बू तुमिनी! बसा. चहा टाकते."

"चहा मागाहून," तुमिनी म्हणाली. तिने चटई ओढत आणली ती थेट फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसेल अशी. फतकल मारून बसली, खलबत्ता पुढ्यात घेतला आणि मसाला असा दणादणा कुटू लागली की अख्ख्या आळीला कळावं.

गियेम पहिली आली, सहज चालल्यासारखी. "अगं बाई, सुरू झालं का?"

"कधीचंच! सगळ्या निघाल्यात, तुझाच पत्ता नाही. बस, कांदे घे."

पुढे प्रत्येकीला तुमिनीने हेच सांगितलं. "सगळ्या येताहेत, तूच मागे कशी?" ती धडधडीत खोटं बोलत होती, आणि दुपारच्या नमाजाला पुरुष मंडळी निघेपर्यंत ते खरं होऊन बसलं होतं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मग म्बाह रुक्मी आपलं उलथनं घेऊन थाटात अवतरली आणि पहिल्या चुलीत जाळ झाला.

पण पालुपीला बायकांनी उचलून खुर्चीवर बसवलं. "तुम्ही नका हो त्रास घेऊ, बू," "धूर लागेल हो तुम्हाला." घर तिचं, लग्न तिच्या लेकीचं, आणि ती मात्र पाहुणीसारखी गुडघ्यांवर हात ठेवून हसत बसली होती. तुमिनीने तिला चहा नेऊन दिला.

"तीन वर्षं तुम्हा सगळ्यांचा हशा ऐकतेय मी," पालुपी हळू आवाजात म्हणाली. "या अंगणातून, त्या अंगणातून. दर वेळी वाटायचं, आज कोणीतरी हाक मारेल. शहरात न बोलावता कोणाच्या चुलीपाशी जात नाहीत हो. म्हटलं, नको असेन मी. मग निदान साखर तरी पाठवावी."

बँकेतल्या बाईला कांदे चिरायला कसं बोलवायचं, म्हणून कोणी बोलावलं नव्हतं. तुमिनी तर दहा पावलांवर राहत होती! 'चला' एवढं म्हणायला काय पडत होतं?

तिने पालुपीच्या हातातला कप काढून घेतला, तिला दंडाला धरून जेनांगच्या कढईपाशी नेलं, आणि घोटणाऱ्या गियेमला बाजूला करून उलथनं तिच्या हातात दिलं. पालुपी जिवाच्या आकांताने घोटू लागली. पण उलथनं तळापर्यंत पोचत नव्हतं. थोड्याच वेळात करपल्याचा बारीक वास सुटला. सगळ्यांना तो आला, पण इतक्या मोठ्या बाईला सांगायचं कोणी?

"अगं ए बये!" म्बाह रुक्मी कडाडली. "कढईला गुदगुल्या करतेयस का? तळापासून खरवड! कंबर वाकव! बँकेत काय नुसती बसूनच होतीस?"

पालुपीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण तिने उलथनं सोडलं नाही. सारोंग वर खोचला, पाय फाकवून रोवले आणि नाक ओढत म्हणाली, "मग नुसत्या ओरडताय काय, म्बाह? धरून दाखवा ना!"

म्हातारी पुटपुटत उठली. मागून तिने पालुपीच्या हातांवर आपले सुरकुतलेले हात ठेवले आणि दोघी मिळून घोटू लागल्या.

"नीट बघून घे," म्हातारी म्हणाली. "पुढल्या शुक्रवारी गियेमच्या नातवाचं बारसं आहे. तिथे मी पुन्हा शिकवणार नाही."

"किती वाजता यायचं?" पालुपीने विचारलं.

आणि सगळ्या बायका एकदम वेगवेगळ्या वेळा सांगू लागल्या.