खिंडीच्या पल्याड

"अवं, औंदा म्या थांबायची न्हाय," भाकरीचं फडकं दगडावर ठेवत कडूबाईनं सांगून टाकलं. "तुळजाचं लगीन वैशाखात हाय. त्याच्या आत नवस फिटला पायजे. तुमी येनार का न्हाय, तेवढं सांगा."

ज्ञानोबाच्या हातात पहार होती आणि पहारीच्या टोकावर भला मोठा धोंडा तोललेला होता. पहार सोडावी तर धोंडा खाली उभ्या असलेल्या माणिकप्पाच्या अंगावर गेला असता. त्यानं नुसती मान हलवली.

"मान हालवून चालायचं न्हाय. तोंडानं बोला."

"येतो म्हनलं की," धोंडा जागेवर बसवून ज्ञानोबानं कपाळाचा घाम पुसला. "औंदा येतोच."

माणिकप्पाचं येडशीत किराणा दुकान होतं आणि ज्ञानोबाशी त्याची लहानपणापासूनची दोस्ती. तो हसायला लागला. "वहिनी, ह्यो सबूद म्या मागल्या साली बी ऐकला. त्याच्या आदल्या साली बी ऐकला."

"म्हनूनच तुमच्यापुढं इचारलं भावजी," कडूबाई म्हणाली. "गवाह असावा एक."

तिघंही हसले. मग दगडांवर बसून त्यांनी भाकरी खाल्ली. खाली दरीत पळस फुललेला होता आणि समोरच्या डोंगरावर ऊन चढत होतं.

ही कुसळीची खिंड. तुळजापुराहून निघालेली पायवाट धाराशिवावरून येडशीला यायची, रामलिंगाच्या डोंगरात शिरायची आणि ही खिंड ओलांडून येरमाळ्याच्या येडेश्वरीला जायची. चैत्री पुनवेच्या यात्रेला त्या वाटेनं माणसांची रांग लागे. वाट सरकारची नव्हती, देवस्थानाचीही नव्हती. ज्या गावाच्या शिवारातून ती जाई, त्या गावातल्या चारदोन माणसांनी आपापला तुकडा सांभाळायचा. काटे तोडायचे, पावसानं वाहून गेलेल्या पायऱ्या पुन्हा लावायच्या, यात्रेच्या दिवसांत पाणी भरून ठेवायचं. लोक त्यांना 'वाटेची माणसं' म्हणत. मजुरी विचारायची नाही आणि कुणी द्यायचीही नाही, अशी रीत होती.

रझाकारांच्या धामधुमीत ही वाट बंद पडली होती. दोन पावसाळे तिच्यावर माणसाचं पाऊल पडलं नाही. पोलीस ॲक्शन झाली, गावं पुन्हा श्वास घ्यायला लागली, तेव्हा ज्ञानोबा आणि माणिकप्पा कोयते घेऊन डोंगरात शिरले. खिंड सापडेना. सगळीकडे घाणेरी आणि बाभळीचं रान माजलेलं. दिवसभर झाडोरा तोडल्यावर ज्ञानोबाच्या कोयत्याखाली दगडाची एक झिजलेली पायरी लागली. कितीतरी पिढ्यांच्या पायांनी ती मधोमध खोलगट झाली होती. तिच्यावर हात ठेवून ज्ञानोबा बराच वेळ उकिडवा बसून राहिला. हरवलेलं जनावर पुन्हा दावणीला आल्यावर शेतकऱ्याला वाटावं, तसं त्याला वाटलं. त्या दिवसापासून खिंड त्याची झाली, का तो खिंडीचा झाला, हे सांगणं कठीण.

ज्ञानोबा होता रेल्वेतला गँगमन. बार्शीच्या छोट्या गाडीचे रूळ सांभाळायचे, खडी ठोकायची, रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटा आवळायच्या. वर्षभर पगारासाठी रूळ नीट करायचा आणि चैत्रात रजा टाकून पायवाट नीट करायचा. मुकादम म्हणे, "ज्ञानबा, बाकीचे रजा घेऊन आराम करत्यात, तू रजा घेऊन पुन्यांदा खडीच फोडतोस!"

वाट पुन्हा सुरू झाली त्याच साली त्याची लेक तुळजा मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली. तीन लेकरं जाऊन राहिलेली ही एकच पोर. वैद्यानं हात टेकले. कडूबाईनं पोरीच्या उशाशी बसून येडेश्वरीला, येडाईला, हात जोडले. "आई, पोर जगली तर आमी दोघं नवराबायको जोडीनं, अनवानी तुज्या पायाशी येऊ." ज्ञानोबानंही हात जोडले होते. पोर जगली. चालायला लागली, पळायला लागली, बघता बघता लग्नाची झाली. नवस मात्र तसाच राहिला.

कारण यात्रेच्या नेमक्या दिवशी ज्ञानोबाला खिंड सोडवेना. एका साली पाण्याचा रांजण फुटला. एका साली आग्या मोहोळ उठलं. एका साली तर काहीच झालं नाही, पण काही झालं तर, म्हणून तो थांबला. दर वेळी कारण खरंच होतं आणि दर वेळी कडूबाई म्हणायची, "बरं, पुढच्या साली."

औंदा मात्र त्यानं मनावर घेतलं. कडूबाईनं खणनारळाची ओटी आणून ठेवली. दशम्या कशाच्या करायच्या यावरून मायलेकींची रोज चर्चा व्हायची. ज्ञानोबानं खिंडीचा जिम्मा माणिकप्पावर सोपवला. पायांना सवय व्हावी म्हणून त्यानं घरात, अंगणात अनवाणी फिरायला सुरुवात केली. ते बघून तुळजा तोंडाला पदर लावून हसायची.

आणि यात्रा तोंडावर आली असताना अवकाळी कोसळला. गारांचा पाऊस, वर वारं. दुसऱ्या दिवशी माणसं खिंडीत जाऊन बघतात तर अर्ध्या उतारावरचा दगडी बांध खचून दरीत गेलेला. वाटेला मोठं खिंडार पडलं होतं.

वाटेची सगळी माणसं कामाला लागली. ज्ञानोबाही लागला.

"तू घरी जा," माणिकप्पा त्याला म्हणाला. "आमी हाईत की. मानसं उतरवायचं काम आमाला जमत न्हाय व्हय?"

"जमतंय रे. पर बांध भरत आला हाय. शेवटचा दगड म्या बसवतो, मग जातो."

"खामखा अडकू नगंस, ज्ञानबा."

ज्ञानोबानं ऐकलं नाही. घरी निरोप पाठवला: तू बायांबरोबर नीघ, मी खिंडीत गाठतो, तिथून जोडीनं जाऊ.

यात्रेकरू आले तेव्हा बांध पुरता झालेला नव्हता. माणूस कसाबसा जाईल एवढीच जागा तयार झाली होती. ज्ञानोबा खिंडाराच्या अलीकडे पाय रोवून उभा राहिला आणि एकेकाला हात देऊन पलीकडे काढू लागला. हात येत होते, जात होते. म्हाताऱ्यांचे थरथरणारे, गड्यांचे राठ, लेकुरवाळ्यांचे घामेजलेले. वर तोंडाकडे बघायला त्याला सवड नव्हती. असाच एक हात त्याच्या हातात आला आणि त्यानं तो न बघताच ओळखला.

कडूबाई हिरवं लुगडं नेसली होती. कपाळभर कुंकू होतं, पाय अनवाणी. पलीकडे गेल्यावर तिनं हात सोडला नाही.

"चला," ती म्हणाली.

ज्ञानोबानं मागं बघितलं. रांग खिंडीच्या तोंडापर्यंत गेलेली. पाठीवर पोर घेतलेली एक बाई खिंडाराशी येऊन घाबरून थांबली होती. माणिकप्पा पुढं सरकत ओरडला, "आरं जा की! म्या धरतो जागा!"

"तू हो पुढं," ज्ञानोबा बायकोला म्हणाला. "एवढी मानसं उतरली की आलोच. पुढच्या वस्तीच्या आत गाठतो तुला."

कडूबाईनं त्याच्याकडे एकवार बघितलं आणि हात सोडला. ती बायांच्या घोळक्यात मिसळून उतारावरून दिसेनाशी झाली.

'एवढी माणसं' काही संपली नाहीत. त्यांच्यामागं आणखी आली, त्यांच्यामागं धाराशिवकडची दिंडी आली. दुपारी एक दगड हलला, तो बसवण्यात वेळ गेला. उन्हं कलली तेव्हा माणिकप्पानं पुन्हा एकदा त्याला हटकलं. ज्ञानोबा म्हणाला, "आता काय, ती पोचली बी असंल."

कडूबाई यात्रा करून येष्टीनं परत आली. तळपायांना फोड आले होते. ज्ञानोबानं कोमट पाणी आणून तिच्या पायांशी ठेवलं.

"अगं, मानसंच लई होती," तो म्हणाला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्या सांगितलं आईला, मालक कामात हाईत, रागावू नगंस."

"पुढच्या साली नक्की जाऊ. जोडीनं."

"बगू," ती म्हणाली आणि फोडांवर हळद लावत बसली. ती रागावली नाही याचं ज्ञानोबाला बरं वाटलं. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

वैशाखात तुळजाचं लग्न झालं. ती ढोकीकडं नांदायला गेली. श्रावणात कडूबाईला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे दिसले, मग अन्न जाईना. ज्ञानोबानं झाडपाला केला, धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. पोळ्याच्या आधी ती गेली. शेवटच्या दिवसांत ती तुळजाबद्दल बोलली, गाईबद्दल बोलली, शेजारणीला द्यायच्या उसन्या डाळीबद्दलसुद्धा बोलली. नवसाचं अक्षर तिनं काढलं नाही. ज्ञानोबा वाट बघत होता, तिनं काढावं म्हणून. तिनं काढलं असतं तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

पुढच्या फाल्गुनात माणिकप्पा पहार घेऊन दारात आला. ज्ञानोबा ओट्यावर बसला होता.

"औंदा म्या न्हाय येनार," तो म्हणाला. "औंदा म्या चालनार हाय."

माणिकप्पा पहार खांद्यावर टाकून निघून गेला.

चैत्रात ज्ञानोबा बाकीच्या यात्रेकरूंसारखा रांगेत लागला. अनवाणी. खिंडीशी येताच त्यानं मान उंचावून पुढं बघितलं. आपण नसताना काय गोंधळ माजला असेल, असं त्याला वाटत होतं. गोंधळ कुठंच नव्हता. बांध पक्का झाला होता, रांजण भरलेले होते, माणिकप्पाचा पुतण्या म्हाताऱ्यांना हात देत होता. माणसं गप्पा मारत खिंड उतरत होती. ज्ञानोबा नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

"जा बिनघोर," माणिकप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला.

खिंडीच्या पल्याड तो आयुष्यात पहिल्यांदा गेला. इतकी वर्षं त्याच्या मनात वाट खिंडीपाशीच संपत होती. आता ती पुढं पुढं जात राहिली. इथंही कुणीतरी काटे तोडले होते, ओढ्यात पाय ठेवायला दगडाचे ठेपे टाकले होते, चढावर हाताला आधार म्हणून खुंट रोवले होते. कोण ही माणसं, त्याला ठाऊक नव्हतं.

समोरच्या डोंगराच्या सोंडेवर एक वस्ती होती. तिथं चिंचेखाली एक थोराड बांध्याची बाई यात्रेकरूंना ताक वाढत होती. सगळे तिला शांताक्का म्हणत होते.

"कुठलं म्हनायचं तुमी?" तिनं ज्ञानोबाला विचारलं.

"येडशीचा. रेल्वेत गँगमन हाय."

तिचा हात थांबला. "म्हंजी कडूबाईचं मालक का?"

"व्हय."

"आलात तर!" तिचा चेहरा उजळला. "मग ती कुठं हाय? मागं ऱ्हायली का?"

ज्ञानोबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. शांताक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग तिनं डोळ्याला पदर लावला.

ती सांगू लागली. "बाकीच्या बाया ताक पिऊन पुढं गेल्या. ही जाईना. म्हनली, मालक येत्यात, वस्तीच्या आत गाठतो म्हनल्यात. त्या तिथं जाऊन बसली, टेकाडावर. म्या बी गेले तिच्यासंगं. तिथनं तुमची खिंड दिसती."

ज्ञानोबा उठला आणि टेकाडावर गेला. समोर, दरीच्या पलीकडे, खिंडीचा सगळा उतार उन्हात उघडा पडलेला होता. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. तरी कोण चालतंय आणि कोण जागेवर उभा राहून वाकून हात देतंय, हे सहज ओळखू येत होतं.

शांताक्का मागून आली होती. "मला बोट करून दावलं तिनं. म्हनली, ते बगा, ते हात देत्यात ना, ते आमचं मालक. लई कवतिकानं सांगत होती. त्यांच्यावाचून एक मानूस उतरत न्हाय, म्हनली. मग ऊन कललं, तशी बोलायची थांबली. दिस बुडायच्या टायमाला उठली, लुगडं झटकलं आन् म्हनली, येते अक्का."

"रडली का?" ज्ञानोबानं विचारलं.

"न्हाय. रडली न्हाय."

ज्ञानोबा तिथं बसला. यात्रेकरूंचे दोन घोळके आले, ताक पिऊन गेले. खिंडीतला तो माणूस वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. मग ज्ञानोबानं पागोटं डोक्यावर ठेवलं, शांताक्काला हात जोडले आणि तो वाटेला लागला.

येडाईपुढं त्यानं ओटी ठेवली. गर्दीत पुजाऱ्यानं ती उचलली, कुंकू लावलं, पुढं ढकललं. काही मागावं, काही सांगावं, असं घोकत तो आला होता. नुसते हात जोडून तो बाहेर पडला.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघाली आणि सगळी यात्रा चुन्याच्या रानात लोटली. तिथं ज्यानं त्यानं रानातले चुन्याचे खडे वेचायचे आणि ढिगावर नेऊन टाकायचे, अशी जुनी चाल. ज्ञानोबानं पालखीला हात जोडले, वाकून खडे वेचले आणि ओंजळ ढिगावर रिकामी केली. मग तो पुन्हा मागं फिरला, रानात गेला, वाकला आणि परत वेचू लागला.

शेजारी खडे वेचणारी एक तरुण बाई हसली. "बाबा, तुमचं टाकून झालं की. एका मानसानं एकदाच टाकायचं असतं."

"व्हय," ज्ञानोबा म्हणाला. "ठावं हाय."

खाली बघत, मातीतून एकेक पांढरा खडा निवडून, धोतराच्या सोग्याला पुसून तो ओंजळीत ठेवत राहिला.