सहा शर्टांचं दुपटं

"कापड कोणाचें?" अंबाबाईंनी विचारलं.

"आमच्या ह्यांचें," विजयलक्ष्मी म्हणाली.

"तें दिसतेंच गे. शर्ट काय तूं घालतेस? माणूस कोठें आहे म्हणून विचारलें."

"मद्रासला. कंपनींत."

अंबाबाईंनी सहाही शर्ट मांडीवर घेतले आणि त्यांतला एक दाराच्या उजेडात धरला. चिमटीत पकडून ताणला, उलटा केला, नाकाशी नेला. समोर आठवा महिना लागलेली ती पोर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला बस म्हणायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कापड हाती आलं की त्यांना माणसं दिसत नसत, असं त्यांचे यजमान व्यंकोबाराव म्हणत. खरं तर उलट होतं. कापडात त्यांना माणूसच दिसे, आणि तो सहसा लबाड निघे.

कुंभकोणमच्या त्या मराठी गल्लीत अंबाबाईंचा हात नावाजलेला होता. जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, पायपुसणी, लुगड्याच्या तुकड्यांच्या पानसुपारीच्या चंच्या, फाटक्या परकरांची पातेली उतरवायची फडकी, सगळं त्या करत. पण लोक खरे येत ते बाळंतपण जवळ आलं की, दुपट्यासाठी. नव्या जिवाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं हा सगळ्यांचाच रिवाज. जुनं म्हणजे कोणाचं, हा कायदा मात्र अंबाबाईंचा स्वतःचा. माणूस जिवंत हवा, निरोगी हवा, आणि चारचौघांत बरं नाव असलेला हवा. एकदा एका वकिलाच्या आजीचं रेशमी लुगडं त्यांनी घडीसुद्धा न मोडता परत केलं होतं, का तर आजी मरताना सुनेला शिव्या देत होती.

"तूं पोलिसांत असतीस तर तुरुंगाबाहेर कोणी उरलें नसतें," व्यंकोबाराव झोपाळ्यावरून म्हणत. भाताच्या गिरणीतली कारकुनी संपल्यापासून ते झोपाळा आणि वर्तमानपत्र यांचेच होते.

"ठेवून जा," अंबाबाई विजयलक्ष्मीला म्हणाल्या. "पाहतें."

ती गेली तशा त्या खऱ्या कामाला बसल्या. सहाही शर्ट त्यांनी जमिनीवर ओळीने पसरले. पहिली गोष्ट, कोपर धड होते. कंपनीत टेबलावर हात घासणाऱ्या माणसाचं कोपर आधी जातं. व्यंकोबारावांच्या अंगरख्यांना त्यांनी आयुष्यभर कोपरावरच ठिगळं लावली होती. इथे कोपर नवे आणि पाठ मात्र विरलेली, जाळी झालेली. दुसरी गोष्ट, वास. घामाचा नाही, तेलाचा नाही, फिनेलचा. आणि तिसरी गोष्ट पाहून त्यांनी चष्मा पुसून परत लावला. सहाही शर्टांच्या कॉलरीच्या आत काळ्या शाईने एकच आकडा होता. सतरा.

परटाची खूण ती नव्हे. गावातल्या परटांच्या बिब्ब्याच्या खुणा अंबाबाईंना शेजाऱ्यांच्या तोंडवळ्यांसारख्या पाठ होत्या.

"ऐकिलांत का," त्या म्हणाल्या. "ती अलमेलूच्या मागच्या खोलींतली पोर. नवरा मद्रासला म्हणते. महिन्यांतून एक आदितवार गाडीनें जाते, मीं पाहिलें आहे. पण तंजावरच्या गाडीनें. मद्रास त्या बाजूला केव्हांपासून झालें?"

"कोणी नातलग असतील तिकडे," व्यंकोबाराव म्हणाले.

"नातलग आकडे घालून हिंडतात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक शर्ट पदराखाली घेऊन अरसलार नदीच्या घाटावर गेल्या. महालिंग परीट गुडघाभर पाण्यात उभा राहून दगडावर कपडे आपटत होता. त्याने ओले हात झटकले, कॉलर उलटी केली आणि तमिळमध्ये म्हणाला, "हे घरचं कापड नाही अम्मा. मोठ्या भट्टीत उकळलेलं आहे. शंभर-दोनशे माणसांचं एकत्र धुतात, तिथं असे आकडे घालतात. वसतिगृह असेल, आस्पत्री असेल, नाहीतर जेल."

वसतिगृहात राहायचं त्या माणसाचं वय नव्हतं. आस्पत्री हा शब्द अंबाबाईंनी ऐकला आणि सोडून दिला, कारण आजारी माणसाची बायको आजार लपवत कशाला बसेल? उरलं ते जेल. पाठ का विरली तेही आपोआप उलगडलं. दगडी फरशीवर निजून विरली. घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांना आपल्या अकलेचं मोठं कौतुक वाटलं.

अलमेलूला त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं. अलमेलू म्हणजे विजयलक्ष्मीची घरमालकीण, तीन पोरांची आई. अंबाबाईंच्या परसाची आणि तिच्या परसाची भिंत एकच. भिंतीवरून कढीलिंब देता-घेता अंबाबाईंनी विचारलं, "तुझ्या त्या भाडेकरणीचा नवरा नक्की कोठें असतो गे? नाहीं, मला काय करायचें आहे. शर्टांवर आकडे आहेत म्हणून विचारलें. फिनेलचा वास येतो. मीं कांहीं म्हणत नाहीं."

तिन्हीसांज व्हायच्या आत गल्लीला कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी विजयलक्ष्मी आली. यावेळी ती चौकटीशी थांबली नाही. आत येऊन जड अंगाने खाली बसली आणि म्हणाली, "मामी, माझे शर्ट द्या. आठ दिवसांत खोली सोड म्हणून सांगितलें मला."

अंबाबाईंनी पुढ्यातली सुपारी बाजूला सारली. "खोटें बोलून कोणाच्या घरांत राहूं नये, गे. जेलांत आहे तर जेलांत म्हणावें."

विजयलक्ष्मीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हसली, आणि ते हसणं अंबाबाईंना अजिबात आवडलं नाही.

"जेल? जेल म्हणतात होय अस्के, सगळी गल्ली? मला वाटलें, कळलें."

"काय कळलें?"

तिने झोपाळ्याकडे पाहिलं. व्यंकोबाराव तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते. तरीही ती आवाज उतरवून बोलली. "क्षय आहे त्यांना. तंजावरच्या पलीकडे माळावर आस्पत्री आहे, तिथें सहा महिने झाले. सतरा नंबरची खाट. वर्षभर आधीं घरीं निजून होते, आतां तिथें निजून आहेत. म्हणून पाठ विरली शर्टांची. तीन महिन्यांनीं छाती कापणार आहेत. सासरीं तिरुनीलक्कुडीला म्हणाले माहेरीं जा. माहेरीं म्हणाले, भावाचें लग्न ठरतें आहे, तें झाल्यावर ये. इथून गाडी सोयीची पडते म्हणून ही खोली घेतली."

अंबाबाईंचे हात मांडीवर होते. त्यांनी ते उचलून लुगड्याला पुसले. आपण काय करतोय ते त्यांना पुसून झाल्यावर कळलं.

"डॉक्टर म्हणाले उकळून दिलेत, कांहीं होत नाहीं," विजयलक्ष्मी म्हणाली. "मुलाला हात लावायला मिळेल कीं नाहीं, त्यांना ठाऊक नाहीं. माझें कापड तरी त्याच्या अंगाला लागूं दे, म्हणाले. म्हणून आणिले. द्या मामी, मीं जातें."

"थांब," अंबाबाई म्हणाल्या. त्यांना खरोखर लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. गेले तीन दिवस ते शर्ट त्यांनी उशाशी ठेवले होते, नाकाशी नेले होते. "मीं सांगतें अलमेलूला. जेल नव्हे म्हणून सांगतें. माझी चूक झाली."

"नको." ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "मग काय आहे म्हणून विचारतील. जेलच असूं दे मामी. जेलवाल्याच्या बायकोला आज ना उद्यां खोली मिळते. क्षयवाल्याच्या बायकोला विहिरीचें पाणी मिळत नाहीं. दोन गांवांत पाहिलें आहे मीं."

ती गेली. शर्ट मात्र अंबाबाईंनी दिले नाहीत. 

संध्याकाळी अलमेलू स्वतःच आली. आज ती कढीलिंबासाठी आली नव्हती. दार लोटून तिने सरळ विचारलं, "मामी, तुम्ही कापड ओळखतां. माझ्या घरांत तीन लेकरें आहेत. मला खरें सांगा. जेलच ना? कां आणखी कांहीं? फिनेल तर आस्पत्रींतही असतें."

 तीस वर्षांत कापडाच्या बाबतीत अंबाबाई कोणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. नको ते बोलल्या असतील, पण खोटं नाही. त्या जोरावरच गल्ली त्यांच्या दारात बाळंतपणाची कापडं आणून टाकत असे. आणि ही बाई काही वाईट विचारत नव्हती. तिच्या जागी आपण असतो तर हेच विचारलं असतं, आणि याहून कडक विचारलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"जेल," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"पाठ पाहिलीस शर्टांची? फरशीवर निजून विरते ती. मालकानें पैसे खाल्ले आणि सही ह्याची. पोरीनें रडत सांगितलें. वर्षाच्या आंत सुटेल. आणि अलमेलू, आठव्या महिन्यांत बाईला घराबाहेर काढूं नये. तुला लेकरें आहेत म्हणून सांगतें."

 अलमेलूचा चेहरा हळूहळू सैल झाला. "पावम्, बिचारी," ती म्हणाली. "कोणाचें पाप कोणाच्या माथीं. शरि, बरें, राहूं दे तिला."

ती गेल्यावर झोपाळ्याची कडी कुरकुरली. वर्तमानपत्राखालून व्यंकोबाराव म्हणाले, "मालकाचें नांव काय ठेविलेंस?"

अंबाबाईंनी वळून झोपाळ्याकडे पाहिलं. म्हणजे दुपारी हा माणूस घोरत नव्हता.

पुढचे दोन दिवस परसातल्या चुलीवर मोठं पातेलं होतं. सोडा घालून एकदा, राखेचं पाणी घालून एकदा, आणि नुसत्या पाण्यात एकदा, असे ते सहा शर्ट तीन वेळा उकळले. तिसऱ्यांदा गरज नव्हती. मग कडक उन्हात वाळवून अंबाबाईंनी ते उसवायला घेतले. कॉलरी, कफ, बटणपट्ट्या काढून टाकल्या, आणि कॉलरीबरोबर ते आकडेही चुलीत गेले. सहा पाठी राहिल्या. विरलेलं कापड सर्वांत मऊ, म्हणून त्या पाठी त्यांनी बाळाच्या अंगाच्या बाजूला घेतल्या आणि पुढची कापडं बाहेरून लावली. जुन्या वेष्टीचा सुटलेला दोरा घेऊन बारीक धावदोरा घातला. सुई बोटात घुसली की त्या दुपटं खाली ठेवत. त्या उठत, हात साबणाने धूत, आणि परत येऊन बसत. व्यंकोबारावांनी हे सगळं पाहिलं आणि एकदाही चेष्टा केली नाही.

गल्लीने दुपटं वाळत पडलेलं पाहिलं. कैद्याचं कापड, आणि अंबाबाईंच्या दोरीवर. ज्या बाईने वकिलाच्या आजीचं रेशीम परत केलं, तिने. सुंदररावांची सून आपली दिलेली कापडं न्यायला आली आणि म्हणाली की सासूबाई घरीच शिवणार आहेत. आणखी एक घर तसंच गेलं. अंबाबाईंनी दोन्ही गाठोडी मुकाट्याने उचलून दिली. आतापर्यंत त्या लोकांचे शर्ट उजेडात धरत. आता लोक त्यांनाच उजेडात धरू लागले होते.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी अलमेलूने स्वतःच्या ओसरीवर पाळणा बांधला. एवढ्या दिवसांत तिची त्या पोरीवर अशी माया जडली होती की जेल हा शब्द कोणी काढला तर ती डोळे वटारी. आठ घरी बोलावणं गेलं होतं, पाच घरच्या बायका आल्या. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि दुपट्यात गुंडाळलेली पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली. अलमेलूने तिला छातीशी धरून पापे घेतले. अलमेलूचं धाकटं लेकरू दुपट्याचं टोक तोंडात घालून चोखत उभं होतं. कोणालाच भीती वाटत नव्हती, कारण कोणालाच माहीत नव्हतं.

"घ्या मामी," अलमेलू म्हणाली. "तुमचीच मेहनत."

तिने पोर पुढे केली आणि अंबाबाईंचे हात उठले नाहीत.

तीनदा उकळलं होतं. उन्हात वाळवलं होतं. टाका न टाका आपल्याच बोटांनी घातला होता. हे सगळं त्या मनात म्हणत होत्या आणि हात मांडीवरच होते. बाकीच्या बायका घुगऱ्या खात बोलत होत्या, त्यांच्या लक्षातही आलं नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या विजयलक्ष्मीने मात्र पाहिलं. ती रागावली नाही. तिला हे नवं नव्हतं. सासरी पाहिलं होतं, माहेरी पाहिलं होतं. ती दोन पावलं पुढे आली आणि अलमेलूच्या हातातून पोर स्वतः घेत म्हणाली, "राहूं दे अक्का. शिवून शिवून मामींचे हात दुखतात."

अंबाबाईंनी मान वर केली.

"नाहीं दुखत," त्या म्हणाल्या. "दे इकडे."

विजयलक्ष्मीने पोर त्यांच्या हातांत दिली. अंबाबाईंनी ती दुपट्यासकट उचलून जवळ घेतली, मान वाकवली आणि गाल त्या कापडावर टेकवला. विजयलक्ष्मी उभी राहून पाहत होती. बराच वेळ झाला तरी त्यांनी गाल उचलला नाही, तेव्हा कुठे ती भिंतीला टेकून खाली बसली.