उभं राहून दाखव

कॉरीनला दहा मिनिटं एका जागी उभं राहता येत नाही. रक्त पायांत उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बाई खाली. एरवी चालते, बोलते, गाडी चालवते, लिपस्टिक लावते. म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. डॉक्टरांना पटवायलाच चार वर्षं गेली, तिथे रांगेतल्या लोकांची काय कथा!

आजचा दिवस तिच्या लेकीचा, एस्मेचा होता. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या त्या मोठ्या रोलर कोस्टरच्या उंचीच्या पट्टीला पोरीचं डोकं एकदाचं टेकलं होतं, आणि पहिली फेरी आईबरोबरच, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. कॉरीननं सकाळीच, रांगेत उभं राहता न येणाऱ्यांना देतात ते कार्ड घेतलं. कार्ड म्हणजे काही फुकटची मेजवानी नव्हे. रांगेइतकाच वेळ थांबायचं, फक्त बसून. दोघी सव्वा तास सावलीत चिप्स खात बसल्या आणि दिलेल्या वेळेला बाजूच्या फाटकाशी आल्या.

"ओ बाई, रांगेचं शेपूट तिकडे आहे," लाल टोपीवाला म्हणाला. नाक उन्हानं सोललेलं, खांद्यावर पोरगी.

"माझ्याकडे कार्ड आहे."

"असणारच! पायांना तर काही झालेलं दिसत नाही. मघाशी मजेत चिप्स हाणत होतात."

"तुमच्याकडे चिप्स पायांनी खातात का?"

मागचे दोघंतिघं हसले, पण तिच्या बाजूनं नव्हे. "रांग म्हणजे रांग!" कुणीतरी ओरडलं. या देशात नवऱ्याला सोडून दिलं तर लोक समजून घेतात; रांग मोडली की सात पिढ्यांचा उद्धार होतो.

फाटकावरचा डॅरेल पन्नाशीचा. त्याला भांडण नको होतं. न्याय नसला तरी चालला असता.

"असं करू," तो हळूच म्हणाला. "यांच्यातले थोडे आधी जाऊ देत. दहा मिनिटं उभ्या राहा, म्हणजे यांचीही तोंडं बंद."

कॉरीननं नाही म्हणायला हवं होतं. तिच्या हक्काचंच होतं ते. पण एस्मे मान खाली घालून बुटांकडे बघत होती, शरमेनं लाल झालेली. आणि कॉरीनच्या तोंडून घराण्याचं जुनं वाक्य निघून गेलं, "होईल ठीक." साप चावला तेव्हा तिचा बापही हेच म्हणाला होता.

सहा मिनिटं ती उभी राहिली. पोटऱ्या आवळल्या, कठडा धरला, राग गिळला. सातव्या मिनिटाला कठडा हातातून सुटला.

शुद्ध आली तेव्हा सगळी देवमाणसं झाली होती. लाल टोपीवाल्यानं स्वतःचा टॉवेल तिच्या डोक्याखाली दिला होता.

"अहो, आधी नीट सांगायचं ना!"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला, पण हात उचलवत नव्हता.

"आज आता कशातच बसता यायचं नाही," डॅरेल म्हणाला. "चक्कर आलेल्यांना मनाई आहे. पण पुढच्या खेपेला सरळ आत सोडीन, शपथ. माझी खात्री पटली."

एस्मे तिचा हात घट्ट धरून बसली होती. रडत नव्हती, विचार करत होती.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी तू आल्याआल्याच पड."