झाड ओ देत नाही

आधीच सांगते, चूक माझी होती. कुणी समजूत घालायला आलं की मला जास्तच राग येतो.

मी कपडे अल्टर करते. बहीण नर्स आहे, दिवसपाळीची, म्हणून शाळा सुटली की तिची सहा वर्षांची मुलगी माझ्या दुकानात येते. तिला मी बटण म्हणते. ती मशीनशेजारी मोबाईल घेऊन बसायची आणि वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर बाहेर उजेडात, झाडाझुडपांत न्या. जवळ एकच जागा, तळ्याकाठची राई. बहीण पाण्याला भिते. महिनाभर तिच्या मागे लागले तेव्हा कुठे तयार झाली, तेही बजावून. "तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

पहिल्या दिवशी पायाला मुंगी चढली म्हणून बटणानं राई डोक्यावर घेतली. मग मी खेळ काढला. झाड व्हायचं. आवडेल तिथे बसायचं, इकडेतिकडे बघायचं, पण शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही की बोलायचं नाही. मी हाका मारणार, "खेळ संपला" म्हणून फसवणार. झाड कुठे ओ देतं? तिला याचं असं वेड लागलं की दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. एकदा पायावरून खार गेली तरी ढिम्म हलली नाही. परवा तर मी खोटं खोटं रडून पाहिलं, तरी बाई गप्पच. मी स्वतःवर जाम खूश होते.

त्या दिवशी निघताना एक गिऱ्हाईक कोटाच्या चेनसाठी डोक्यावर उभं होतं. कसंबसं काम उरकून आम्ही पळालो. राईत पोचताच बटण झाड व्हायला गेली आणि त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला. चेन अडकते म्हणे. मी तोंडाची फटकळ, दहा मिनिटं भांडले. फोन ठेवून वळले तर तिच्या नेहमीच्या झाडाखाली कुणीच नव्हतं.

हाक मारली. पुन्हा मारली. मग तळ्याच्या काठावर तिच्या चपला दिसल्या, शेजारीशेजारी नीट काढून ठेवलेल्या.

खेळतच असेल, शिट्टी वाजव, असं स्वतःला म्हणत मी गळ्याकडे हात नेला. गळा मोकळा. शिट्टी माझ्या मापाच्या टेपला बांधलेली असते आणि टेप घाईत दुकानातच राहिली होती. दोन बोटं तोंडात घालून पाहिली, नुसती हवा आली.

"बटणा, खेळ खरंच संपला गं," मी ओरडले. आणि ओरडतानाच कळलं की हे मी तिला रोज म्हणते. मग मला रडू फुटलं, तेही तिनं परवाच ऐकलेलं होतं. तिला ओ द्यायला लावेल असं एकही खरं वाक्य मी माझ्याकडे शिल्लक ठेवलं नव्हतं. गप्प बसलेली पोर आणि बुडालेली पोर, दोघींचा आवाज सारखाच.

मी कमरेइतक्या पाण्यात शिरले. चिखलात हात घालून चाचपडले. हाताला फांदी लागली, क्षणभर मला तो तिचा हात वाटला. वर आले, झुडपं धुंडाळली, पुन्हा पाण्यात गेले. आसपास चिटपाखरू नव्हतं, फोन पाण्यात भिजून बंद पडलेला. दुकान पाच मिनिटांवर. तिला सोडून जायचं कसं, आणि नाही गेले तर? शेवटी शिट्टी आणायला पळाले. कुलूप उघडलं, टेप ओढून घेतली. बहिणीचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येत होता.

परत आले तेव्हा छातीत श्वास नव्हता. पहिली शिट्टी वाजलीच नाही. दुसरी वाजली.

माझ्यापासून दहा पावलांवर पाल्याचा ढीग हलला. त्यातून आधी चष्मा बाहेर आला, मग बटण. केसांत काड्या, गालाला माती.

"आज किती वेळ झाला, मावशी? तुझे पाय मला दोनदा दिसले." पाल्यावर चपला वाजतात म्हणून तिनं त्या काढून ठेवल्या होत्या.

मी तिला धरलं. माझे ओले कपडे, चिखलानं माखलेले हात ती बघत राहिली. मग तिचाही चेहरा उतरला.

"आज खरं रडत होतीस?" तिनं विचारलं.

"खरं."

"मला वाटलंच होतं. मला भीती वाटत होती. पण बोलले असते तर हरले असते ना."

म्हणजे माझी पोर दहा पावलांवर पाल्यात घाबरून पडली होती, आणि मी शिकवलं म्हणून गप्प होती.

तिथेच खेळ मोडला. यापुढे हाक म्हणजे हाक, आणि लगेच ओ. संध्याकाळी बहिणीला सगळं सांगितलं. ती पोरीला उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बटण येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. मागे बहीण, रजा टाकून. आम्ही तिघी राईत गेलो. बटण झाडांत दिसेनाशी झाली की बहीण हाक मारायची, आणि लांबून "ओ" यायची. तासाभरात तिनं चाळीस तरी हाका मारल्या असतील. मी मोजल्या नाहीत. प्रत्येक ओ येईपर्यंत मी श्वास धरून उभी होते.