अर्ध्यावर थांबलेल्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि अजून भिंतीवरच आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या जिवाला घोर नको.

माझा जन्म स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पाटीच्या दगडाच्या खाणीत झाला. माझे भाऊबंद घरांच्या छपरांवर गेले, माझ्या नशिबी खडू आला. आधी मी अ‍ॅबरडीनच्या एका शाळेत होतो. पाढे ऐकून ऐकून माझे कान किटले. ती शाळा बंद पडली आणि मला विद्यापीठाच्या या इमारतीत आणून ठोकलं. इथे मोठी माणसं शिकायला येतात. नवं औषध खरंच लागू पडतं का, हे रोग्यांच्या आकड्यांवरून ठरवणं हे त्यांचं काम. चुका तीही लहान मुलांइतक्याच करतात, फक्त चुकताना चेहरा गंभीर ठेवतात.

त्यांना शिकवतात ऊना गेडिस. बाई बुटक्या, आवाज खणखणीत, आणि बाह्यांना कायम खडू लागलेला. त्या शिकवतात मिक्स्ड मॉडेल. नावाला घाबरू नका. एकाच रोग्याला वर्षभर पुन्हा पुन्हा तपासलं, की त्याच्या आकड्यांची रेघ होते. प्रत्येकाची रेघ आपल्या उंचीवर सुरू होते आणि आपल्या चालीने जाते. तरी सगळ्यांची मिळून एक चाल असतेच. प्रत्येकाची वेगळी आणि सगळ्यांची मिळून, अशा दोन्ही चाली एकाच हिशेबात सांभाळायच्या, की झालं मिक्स्ड मॉडेल. माझ्यावर अशा रेघा काढल्या की मी पसरलेल्या शेवयांसारखा दिसायचो. लोक म्हणायचे, ऊनाचा फळा पाहिल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. मला फार बरं वाटायचं.

मग समोरच्या भिंतीवर चकचकीत पडदा आला. बटण दाबलं की रंगीत रेघा हजर. माझ्यापुढे कोट टांगायची खुंटाळी उभी केली. ओल्या लोकरीचा वास घेत मी महिनोन्महिने तसाच राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? शेवटी ठरलं की पुढचा वर्ग संपला की शुक्रवारी मला उतरवायचं.

"शुक्रवारपर्यंत तो माझा आहे," ऊना म्हणाल्या आणि त्यांनी खुंटाळी स्वतः ढकलून बाजूला केली.

ऊनाबाईंची एक खोड आहे. त्या आधी शिष्यांनाच रोगी करतात. रोज सकाळी प्रत्येकाने तळापासून माळ्यापर्यंत जिने चढायचे, वर येऊन मिनिटाला किती श्वास लागतात ते मोजायचं आणि आपल्या रंगाच्या खडूने माझ्यावर ठिपका द्यायचा. त्या वर्गात ग्लासगोचा रॅब होता, अंगाने जाडजूड आणि तोंडाने त्याहून मोकळा.

"ऊना, मी शिकायला आलोय की मरायला?" पहिल्याच दिवशी तो धापा टाकत म्हणाला.

"मर की. पण ठिपका देऊन मर."

बाकीच्यांचा दम हळूहळू सुधारला, त्यांच्या रेघा खाली उतरल्या. रॅबची मात्र रोज वर चढत गेली. मग त्याने जिनाच सोडला आणि खाली बसून बटरी, म्हणजे आमच्याकडची खारट, लोणी ठासून भरलेली पाव-भाकरी, खाऊ लागला. त्याची रेघ अर्ध्यावर थांबली.

गुरुवारी ऊनांनी विचारलं, "जिने चढून वर्गाचं काय झालं? कोण सांगतंय?"

मॉर्व्हेन लेडलॉ उठली. इन्व्हरनेसच्या रुग्णालयात काम करणारी, फार मेहनती मुलगी. तिने आधी डस्टर उचललं आणि रॅबची रेघ पुसून टाकली.

"शेवटचा ठिपकाच नाही. अर्धवट रेघ काय कामाची?" ती म्हणाली. "आता बघा, वर्गाची तब्येत सुधारली."

"वा! मला पुसलं आणि सगळे ठणठणीत!" रॅब म्हणाला. "अगं, मी अजून जिवंत आहे."

सगळे हसले. ऊना हसल्या नाहीत. "तो का थांबला?"

"धाप वाढली म्हणून."

"रेघेत दिसत होतं ते?"

"हो."

"म्हणजे ज्याला त्रास झाला, नेमका त्यालाच काढलास. उरले ते धडधाकट."

मॉर्व्हेन पांढरीफटक पडली आणि खुर्चीत बसली. तिच्याकडे दम्यासारख्या एका आजारावरच्या औषधाची चाचणी होती. निम्म्या रोग्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली नुसती गोळी. कोणाला काय मिळालं, हे कुलूपबंद असतं. ते उघडण्याआधी हिशेब कसा करणार हे लिहून सह्या व्हाव्या लागतात. एकदा उघडलं की पद्धत बदलायची नाही, नाहीतर जो तो आपल्या सोयीची पद्धत निवडेल.

"उद्या दुपारी सह्या आहेत," ती म्हणाली. "आणि मी हेच लिहिलंय. शेवटच्या तपासणीला आला नाही, तो वगळा. नुसत्या गोळीवर असलेले खंगून यायचे थांबले असतील, तर तो गट उगाच चांगला दिसेल. खरं औषध निरुपयोगी ठरेल." तिने बाहीने डोळे पुसले. "बकी गावचे एक म्हातारे कोळी होते. धाप लागलेली असायची, तरी बस बदलून यायचे. तीनदा आले, मग नाही आले. त्यांचं ते येणंच मी पुसणार होते."

"कुलूप उघडलंय?" ऊनांनी विचारलं.

"नाही."

"मग रडतेस कशाला? उघडल्यावर आली असतीस, तर मीही तुझ्याबरोबर रडत बसले असते. लाव फोन."

मित्रांनो, माझ्यावरचा खडू कोरड्या डस्टरने कधीच पुरता जात नाही, मागे फिकट सावली राहते. मॉर्व्हेन रुग्णालयात फोन करून, पद्धत बदलतेय असं कळवून आली आणि त्या सावलीवरून तिने रॅबची रेघ पुन्हा काढली. ऊनांनी दाखवलं की तो जितके दिवस आला, तितकं त्याचं म्हणणं हिशेबात धरता येतं.

"ही जादू नव्हे," त्यांनी बजावलं. "थांबण्याचं कारण रेघेत दिसलंच नसेल, तर हेही फसतं. तेही तपासायचं, आणि कसं तपासणार ते आत्ताच लिही."

मॉर्व्हेन माझ्यासमोर जमिनीवर बसून नव्याने लिहीत राहिली. शुक्रवारी सुधारलेल्या पद्धतीवर सह्या झाल्याचा फोन आला. फोन ठेवून तिने एवढा मोठा श्वास सोडला, की ऊना म्हणाल्या, हा मोजायला हवा होता.

तेवढ्यात मला उतरवायला माणसं आली. रॅब मधे उभा राहिला. "यावर माझी रेघ आहे. एकदा पुसलाय मला, आता हात लावून बघा." माणसं ऊनांकडे बघू लागली. ऊनांनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं.

पुढे कुलूप उघडलं, हिशेब झाला. मॉर्व्हेन गरम बटरी घेऊन आली. "औषध उपयोगी आहे," ती म्हणाली. "थोडंच, पण आहे." मग तिने माझ्या कोपऱ्यात एक छोटी रेघ काढली. तीनच ठिपक्यांची. कोणाची, ते बोलली नाही. ऊनांनी खाली लिहिलं, 'पुसू नये'.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला खुशाल पुसा, मी त्यासाठीच आहे. पण कोणी अर्ध्यावर थांबलेला दिसला, तर डस्टर उचलण्याआधी तो का थांबला ते विचारा. इथे सफाईला येणारे रोज मला ओल्या फडक्याने स्वच्छ करतात. त्या कोपऱ्याशी आले की फडकं वळवतात.